मूळचे आणि बदललेले

व्यापारी घराण्यांत मालाची पारख बालपणापासूनच अंगवळणी पडते. हळकुंड मोडताना होणारा आवाज, गुळाच्या ढेपेचा रंग, मूठभर धान्याला येणारा वास, यांवरून भाव ठरवणारी माणसे आपल्या समाजात घरोघरी होऊन गेली. याहून अवघड अशी आणखी एक पारख असते. ती मालाची नसते. मालाविषयी जे सांगितले जाते त्याची असते. सांगलीच्या पेठेत चाळीस वर्षे हळदीची अडत सांभाळून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना ही दुसरी पारख वयाच्या शहात्तराव्या वर्षी पुन्हा करावी लागली. तीही अमेरिकेतील मिशिगन राज्यात, मुलाच्या गॅरेजमध्ये, एका जुन्या मोटारीच्या इंजिनापुढे उभे राहून.

घरात त्यांना सारे अण्णा म्हणत. पत्नीच्या निधनानंतर ते मे महिन्यात मुलाकडे गेले, पाच-सहा महिने राहण्याच्या बेताने. मुलगा डेट्रॉइटच्या परिसरात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अभियंता होता. अण्णा पोहोचण्यापूर्वी दोन महिने त्याची नोकरी गेली होती. हे त्याने फोनवर सांगितले नव्हते. नातीचे महाविद्यालय पुढील वर्षी सुरू व्हायचे होते आणि त्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून घरखर्च चालला होता. अण्णांनी काही विचारले नाही. घरात पैसा कमी पडू लागला की आधी बोलणे कमी होते, हे त्यांनी मंदीच्या वर्षांत पाहिले होते.

मुलगा सकाळी नोकरीचे अर्ज पाठवी आणि दुपारनंतर गॅरेजमध्ये जाई. तेथे तीन वर्षांपासून हिरव्या रंगाची एक लांबलचक गाडी उभी होती. चांगल्या दिवसांत हौसेने घेतलेली ही गाडी आता दुरुस्त करून विकायची आणि त्या पैशांतून मुलीच्या पहिल्या वर्षाची सोय करायची, असा त्याचा हिशेब होता.

गाडी होती १९६८ सालची पाँटिॲक जीटीओ. अमेरिकेत ज्यांना 'मसल कार' म्हणतात, त्या गाड्यांच्या कुळाची सुरुवात बहुतेक जाणकार याच नावापासून मोजतात. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्स कंपनीचा अंतर्गत नियम होता. तिच्या पाँटिॲक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ सालच्या टेम्पेस्ट या साध्या गाडीत ३८९ घनइंचांचे इंजिन बसवले. नियम मोडल्यासारखे दिसू नये म्हणून जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल न दाखवता, जादा पैसे देऊन घ्यावयाची एक सोय म्हणून ते विक्रीस ठेवले. मुलाने हे सांगितले तेव्हा अण्णा हसले. "म्हणजे आडवाट पहिल्यापासूनचीच," ते म्हणाले.

१९६८ पर्यंत जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली होती. ४०० घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेसहा लिटरचे इंजिन आणि ३५० अश्वशक्ती. त्याच काळात आपल्या रस्त्यांवर धावणारी अँबेसिडर दीड लिटरच्या इंजिनावर चार-पाच माणसे आणि टपावरचे सामान वाहून नेत होती. त्या एका वर्षात ८७,६८४ जीटीओ विकल्या गेल्या. अण्णांना या आकड्यांचे फारसे अप्रूप वाटले नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "आसने कातड्याची आहेत का?" ती कातड्याची नव्हती. पाँटिॲक कंपनी 'मॉरोकाइड' या नावाने जे व्हिनाइल वापरी, त्याची होती. मग अण्णा निश्चिंतपणे आत बसले आणि दोन्ही हातांनी चाक धरून पाहिले.

मिशिगनमध्ये जूनच्या अखेरीस सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. अण्णांचा रात्रीभोजनाचा त्याग असला, तरी साडेसातला जेवण उरकून पुढे दीड-दोन तास भरपूर उजेड राही. तेवढा वेळ ते गॅरेजमध्ये घडीच्या खुर्चीवर बसत. मुलगा काम करता करता एकेक भाग त्यांच्या हातात देई आणि समजावून सांगे. नोकरी गेल्यापासून बापलेकांचे एवढे बोलणे प्रथमच होत होते.

इंजिन सुरू केले की सायलेन्सरमधून निळसर धूर येई आणि तेलाचा दाब दाखवणारा काटा खाली राही. साखळीच्या कप्पीने इंजिन वर उचलून स्टँडवर चढवले आणि तळाचे तेलाचे चेंबर उघडले, तेव्हा काळ्या गाळात पिवळट-तपकिरी रंगाचे कडक तुकडे सापडले. त्या काळी पाँटिॲकच्या इंजिनात कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चक्राचे दाते नायलॉनने मढवलेले असत. हेतू चांगला होता, कारण त्यामुळे साखळीचा आवाज कमी होई. मात्र इंजिनाच्या उष्णतेने वर्षानुवर्षे भाजून नायलॉन ठिसूळ होतो, दाते तुटून तळाशी पडतात आणि तेल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. तेलाचा पुरवठा कमी झाला की बेअरिंगे कोरडी पडतात आणि चांगले इंजिन काही मिनिटांत निकामी होते. आता या कामासाठी सबंध पोलादी दात्यांचे चक्र मिळते. मुलाने तेच मागवले.

सिलिंडर हेडची कथा वेगळी होती. जुन्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे. ते आरोग्याला घातक, परंतु जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला त्याचा एक उपयोग होता. शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये उशीसारखा राही. अमेरिकेत १९९६ पासून रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर पूर्ण बंदी आली. त्यामुळे जुन्या हेडमधील मऊ लोखंडाच्या बैठका झिजू नयेत म्हणून त्या जागी कठीण पोलादाची कडी बसवतात. शिवाय या इंजिनाचा दाब पावणेअकरास एक इतका होता. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलवर अशा इंजिनात भार पडताच खडखड होऊ लागते. ती फार काळ चालली तर पिस्टन फुटतात. म्हणून दाब साडेनऊपर्यंत उतरवणारे खोलगट माथ्याचे नवे पिस्टन घालण्याचे ठरले.

"इतके बदलल्यावर जुने काय राहिले?" अण्णांनी विचारले.

"ब्लॉक, अण्णा. ब्लॉक मूळचा असला की इंजिन मूळचे धरतात."

मुलगा मग आकडे दाखवू लागला. समोरच्या काचेतून दिसेल असा डॅशबोर्डवर गाडीचा ओळख क्रमांक होता. २४२ म्हणजे जीटीओ, ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, ८ म्हणजे १९६८ साल, पी म्हणजे मिशिगनमधील पाँटिॲक गावचा कारखाना आणि पुढे सहा आकड्यांचा अनुक्रमांक. १९६८ पासून याच क्रमांकाचा संक्षेप इंजिनाच्या ब्लॉकवरही ठोकला जाऊ लागला. तो २८पी अशा अक्षरांनी सुरू होऊन त्याच सहा आकड्यांनी संपला पाहिजे. अण्णांना ही भाषा लगेच उमगली. पोत्यावरचा मार्का, लॉट आणि साल वाचण्यात त्यांची हयात गेली होती.

त्यानंतर दोन दिवसांनी मुलाने ब्लॉकच्या पुढच्या तोंडावरील निळा रंग आणि मेणचट थर रसायनाने काढला. खाली आकडे होते; मात्र त्यांची सुरुवात २०पी अशी होती आणि पुढचे सहा आकडे निराळे होते. त्याने मागच्या बाजूची ओतकामाची तारीख पाहिली. तेथे महिन्याचे अक्षर, दिवस आणि सालाचा शेवटचा अंक असतो. शेवटचा अंक शून्य होता. पाँटिॲकचे ४०० घनइंचांचे इंजिन १९६७ मध्ये प्रथम आले, तेव्हा हे शून्य १९७० चेच. गाडी तयार होऊन बाहेर पडली तेव्हा हा ब्लॉक ओतलाही गेला नव्हता. कार्ब्युरेटर आणि दोन्ही हेड १९६८ ची होती. ब्लॉक तेवढा दुसऱ्या कोणत्या तरी पाँटिॲकचा होता. बहुधा पहिल्या इंजिनाचाही घात अशाच तुटलेल्या दात्यांनी केला असावा आणि तेव्हाच्या मालकाने, गाडी केवळ जुनी झालेली असताना, हाती आले ते इंजिन बसवले असावे. त्यात त्याचा काही दोष नव्हता. ३२६ पासून ४५५ घनइंचांपर्यंतची पाँटिॲकची व्ही-एट इंजिने बाहेरून जवळजवळ सारखीच दिसतात. क्रमांक वाचल्याखेरीज फरक कळत नाही.

हा फरक दिसण्यात नसला, तरी किमतीत होता. जीटीओचे उत्पादन १९७४ मध्ये थांबले आणि २०१० मध्ये पाँटिॲक हे नावच बंद झाले. ज्या वस्तू पुन्हा बनणार नाहीत त्यांच्या बाजारात 'मूळचे' या शब्दाला मोठे मोल येते. मुलाने गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने इंजिन मूळचेच असल्याचे सांगितले होते. त्या विश्वासावर त्याने क्रमांक पाहिला नव्हता आणि किंमत मात्र मूळ इंजिनाची दिली होती. आता मूळ इंजिनासह आणि त्याविना येणाऱ्या किमतींतील अंतर जवळजवळ नातीच्या एका वर्षाच्या फीएवढे होते. त्यानंतर तीन दिवस तो गॅरेजमध्ये गेला नाही.

जुलैमध्ये ब्लॉक मशीन शॉपला गेला. झिजलेले आठही सिलिंडर ०.०३० इंचांनी, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटरने मोठे करून घेतले. क्रँकशाफ्टच्या बैठका घासून त्यांना नवी बेअरिंगे जमवली. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी मुलगा अण्णांना वुडवर्ड ॲव्हेन्यूवर घेऊन गेला. फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंतच्या या रस्त्यावर १९९५ पासून दरवर्षी जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. माणसे रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसतात आणि समोरून दिवसभर गाड्या जात राहतात. पंढरीच्या वाटेवर दिंड्या पाहत बसावे, तशी. तेथे एक परिचित भेटला. ब्लॉकची हकिगत ऐकून तो सहजपणे म्हणाला, की त्यात काळजीचे कारण नाही. पृष्ठभाग हलकासा घासायचा आणि जुन्या वळणाच्या ठशांनी योग्य तो क्रमांक ठोकायचा. त्याच्याकडे तसे ठसे होते. दुसऱ्याच दिवशी तो एक लहान लाकडी पेटी घरी देऊन गेला.

पेटी गॅरेजमधील बाकावर राहिली. दशलक्षण पर्व सुरू झाले. अण्णा एकभुक्त होते. मुलगा सायंकाळी त्यांना फार्मिंग्टन हिल्स येथील जैन मंदिरात नेई. ब्लॉक परत आला होता, परंतु जुळणी सुरू होत नव्हती. एके दिवशी दुपारी अण्णा खुर्ची आणायला गॅरेजमध्ये गेले असता त्यांना बाकाखाली ॲल्युमिनियमची एक पट्टी दिसली. तिच्यावर एकच क्रमांक एकाखाली एक असा सात-आठ वेळा ठोकलेला होता. वरच्या ओळी वाकड्या होत्या, खालच्या सरळ होत गेल्या होत्या. शेवटची ओळ कारखान्यातील वाटावी इतकी साफ उतरली होती. २८पी, आणि पुढे डॅशबोर्डवरचेच सहा आकडे. अण्णांना ते वाचता येत होते.

त्यांनी पट्टी होती तेथेच ठेवली. त्या सायंकाळी मंदिरात उत्तम आर्जव धर्मावर विवेचन झाले. आर्जव म्हणजे ऋजुता, मनात एक आणि वाणीत दुसरे असे नसणे. परतताना गाडीत कोणी बोलले नाही. घरी आल्यावर अण्णा गॅरेजच्या पायरीवर बसले आणि मुलाला जवळ बोलावले.

"तू सातवीत होतास त्या वर्षी," ते म्हणाले, "राजापुरी हळदीला मोठा भाव आला होता. आपल्याकडे परपेठेची हळद पडून होती. माल वाईट नव्हता. रंग होता, वजन होते, कीड नव्हती. पण तो राजापुरी नव्हता. डोक्यावर कर्ज होते. मी साठ पोत्यांवर राजापुरीचा मार्का मारला. पत्र्याचा साचा मी धरला आणि शाई तुझ्या काकांनी लावली. बाहेरच्या एका व्यापाऱ्याला ती पोती गेली. दहा-बारा वर्षे तो आपल्याकडूनच माल घेत होता, पोते फोडूनही पाहत नसे."

"मग? त्याने तक्रार केली?"

"नाही. पैसे पूर्ण आले, वेळेवर आले. फक्त तो माणूस पुन्हा आला नाही."

बराच वेळ दोघेही गप्प होते. मग अण्णा म्हणाले, "दरवर्षी क्षमावाणीला मी चारशे-पाचशे पत्रे लिहीत असे. ते एक नाव यादीत असायचे आणि त्याला पत्र जात नसायचे. काय लिहिणार? तू काय करावेस ते मी सांगत नाही, बाबा. फी तुला भरायची आहे, मला नाही. मला जे ठाऊक आहे तेवढे सांगितले."

आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या व्रतांना लागणारे अतिचार मोजून दिलेले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार आहे, म्हणजे एका वस्तूच्या नावाखाली तिच्यासारखी दिसणारी दुसरी देणे. मापे कमीजास्त ठेवण्याचा दोषही त्याच यादीत येतो. ही नावे वाचताना आपल्यासमोर तराजू, वही आणि पोते उभे राहते. लोखंडावर ठोकलेला आकडा हाही एक लेखच असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. अमेरिकेत गाडीचा ओळख क्रमांक बदलणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे; परंतु कायद्याचा धाक नसता तरी प्रश्न तोच राहिला असता.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. पिस्टन नवे, बेअरिंगे नवी, चक्र नवे, व्हॉल्व्हच्या बैठका नव्या. मग एका ब्लॉकच्या आकड्यापाशीच पाप कसे उभे राहते? पर्याय बदलत राहणे हा तर वस्तूचा स्वभाव आहे. झिजलेला भाग काढून नवा घालणे म्हणजे त्या स्वभावाचा स्वीकार होय. त्यात असत्य नाही. बदल झालेला असताना तो झालाच नाही असे वस्तूच्या तोंडून वदवणे, येथे असत्याचा आरंभ होतो. दुरुस्ती आणि बनावट या दोहोंत हत्यारे तीच असतात, हातही तोच असतो. खरेदीदाराला काय सांगितले जाते, एवढ्यानेच त्यांचे मार्ग वेगळे होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने लाकडी पेटी ज्याची त्याला परत केली. अण्णांनी आपल्या बॅगेतून लाल कापडी बांधणीची एक वही काढली. खर्च टिपण्यासाठी ती त्यांनी सांगलीहून नेली होती आणि नातीखेरीज तेथे कोणी त्यांना खर्च करू दिला नसल्यामुळे ती जवळपास कोरीच होती. प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे 'मूळचे', उजवीकडे 'बदललेले'. मुलगा सांगे तसे नात इंग्रजीत लिही आणि अण्णा शेजारी मराठीत. पहिल्याच पानावर, उजव्या रकान्यात, पहिली नोंद ब्लॉकची झाली, त्यावरील २०पीच्या संपूर्ण क्रमांकासह. चौथ्या पानावर डाव्या रकान्यात कार्ब्युरेटर आणि दोन्ही सिलिंडर हेड आली.

मग जुळणी वेगाने झाली. बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यातील फट मोजण्यासाठी मेणासारखा एक बारीक धागा वापरतात. तो मध्ये ठेवून बोल्ट आवळायचे, पुन्हा उघडायचे आणि चपटा झालेला धागा किती रुंद झाला ते पट्टीवर पाहायचे. धागा जितका रुंद तितकी फट अरुंद. अण्णांना हे साधन फार आवडले. हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने तीन टप्प्यांत ९५ फूट-पौंडांपर्यंत आवळताना प्रत्येक बोल्टपुढे तेच खूण करीत होते. रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटरच्या तळाच्या बुचांतून पेट्रोल रात्रभर झिरपून जाते आणि सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, ही जुनी खोड. ती बुचे नव्याने बंद केली आणि तीही नोंद वहीत गेली.

नव्या कॅमशाफ्टची पहिली वीस मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात. या प्रकारच्या इंजिनात कॅमच्या उंचवट्यांवर सपाट तळाचे टॅपेट घासत फिरतात. पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन मंद गतीवर सोडले तर त्यांना पुरेसे तेल मिळत नाही आणि दोन्ही पृष्ठभाग कायमचे खराब होतात. म्हणून जस्ताचे प्रमाण अधिक असलेले तेल भरून, सुरू होताच गती मिनिटाला सुमारे दोन हजार फेऱ्यांवर न्यावी लागते आणि तेथेच ठेवावी लागते. तत्पूर्वी मुलाने डिस्ट्रिब्युटरच्या छिद्रातून ड्रिलने तेलाचा पंप फिरवून सगळीकडे तेल पोहोचवले होते. क्षमावाणीनंतरच्या रविवारी त्याने किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकले आणि मग एकदम गर्जून उठले. अण्णांनी मनगटावरचे घड्याळ डोळ्यांसमोर धरले. वीस मिनिटे कोणी कोणाशी बोलले नाही. बोलले असते तरी ऐकू आले नसते. तेलाच्या दाबाचा काटा वर राहिला. "झाली," अण्णांनी हात वर करून सांगितले आणि मुलाने हळूहळू गती कमी केली.

त्या क्षमावाणीला अण्णांनी ते राहिलेले पत्र लिहिले. तो व्यापारी हयात आहे की नाही हे त्यांना ठाऊक नव्हते. जुन्या पत्त्यावर पत्र गेले. उत्तर आले नाही, आणि ते यावे अशी त्यांची अपेक्षाही नव्हती.

ऑक्टोबरमध्ये गाडी पाहायला पहिला गिऱ्हाईक आला. त्याने गाडी चालवून पाहिली, फार खूश झाला आणि किमतीचे बोलणे काढले. मुलाने आधी वही पुढे केली. त्याने पहिले पान वाचले, वही मिटली, आभार मानले आणि निघून गेला. दुसऱ्याचेही तसेच झाले. महिना संपता संपता अण्णा सांगलीला परतले तेव्हा गाडी गॅरेजमध्येच होती. विमानतळावर मुलगा एवढेच म्हणाला, "बघू, अण्णा." अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपण त्याला महागाचे शिकवले की काय, हा विचार पुढे हिवाळाभर त्यांची पाठ सोडीत नव्हता.

जानेवारीत मुलाला नोकरी लागली. पगार पूर्वीपेक्षा कमी होता. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर एका निवृत्त माणसाने ती गाडी घेतली. त्याला ती प्रदर्शनात ठेवायची नव्हती, चालवायची होती. वही त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि मराठी अक्षरांवरून बोट फिरवत हे काय आहे ते विचारले. मुलाने मनात धरलेल्या रकमेपेक्षा बरीच कमी रक्कम हाती आली. खर्च जाऊन थोडे उरले. नातीच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी अर्धे कर्ज काढावे लागले. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता हा तोटाच होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

जूनमध्ये एका रविवारी सकाळी सांगलीत फोन वाजला. मिशिगनमध्ये तेव्हा शनिवारची रात्र होती.

"अण्णा, तो गाडीवाला माणूस आज पुन्हा आला होता."

अण्णांनी खुर्ची ओढून घेतली. "का? काही बिघडले?"

"नाही. गाडी उत्तम आहे. त्याने मित्राला बरोबर आणले होते. त्याचीही जुनी पाँटिॲक आहे, दुरुस्त करून हवी आहे. मी म्हटले, दुकान थोडेच आहे माझे, शनिवार-रविवारीच जमेल. तर म्हणाला, वही लिहिणाऱ्यानेच करावी."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही.

"अण्णा? ऐकू येते ना?"

"येते," अण्णा म्हणाले. "त्या गाडीची वेगळी वही घाल."